केक बसला, चव राहिली

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीचा नववा वाढदिवस होता. वहिनीने केक घरीच करायचा ठरवला. आमची आई अंडं खात नाही, म्हणून बिनअंड्याचा: मैदा, कंडेन्स्ड मिल्क, लोणी, बेकिंग पावडर, थोडा सोडा, दोन मोठे चमचे दही आणि व्हॅनिला. ओव्हन 180 अंशांवर आधीच तापवून ठेवला होता. आठ इंची डब्याला आतून लोण्याचा हात फिरवून मैदा भुरभुरला होता. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा केक डब्याच्या काठाच्या बोटभर वर आला होता, वरून फिकट सोनेरी दिसत होता आणि भाची काचेपासून हलायला तयार नव्हती. तेवढ्यात वीज गेली.

पुढचा अर्धा तास आम्ही मोबाइलच्या उजेडात त्या केककडे पाहत होतो. न राहवून वहिनीने दोनदा दार उघडलं. तिच्या जागी कोणीही उघडलं असतं. आधी मधला फुगवटा सपाट झाला, मग त्याला खळगा पडला आणि खळग्याभोवती सुरकुत्या उमटल्या. वीज आल्यावर तिने ओव्हन पुन्हा सुरू केला. अजून अर्ध्या तासाने सुरी खुपसून पाहिली, ती स्वच्छ बाहेर आली. केक शिजला होता, पण कडा उभ्या आणि मधोमध आमटीची वाटी ठेवता येईल एवढा खड्डा, असं त्याचं रूप होतं. कापल्यावर खड्ड्याखाली दोन बोटं जाडीचा, चकाकणारा, घट्ट थर दिसला. जाळी अशी नव्हतीच.

आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर प्रसादाच्या शिऱ्यासारखा लागतोय.” भाचीने ताटली पुढे केली, “आत्या, मला मधलाच दे.” रात्रीपर्यंत डबा रिकामा झाला होता.

असा केक बहुतेक घरांत कधी ना कधी झालेला असतो. तो बसला का, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: एवढं बिघडूनही तो चांगला का लागला?

एका डब्यात तीन कामं

केक ओव्हनमध्ये गेला की आत तीन कामं चालतात. एक फुगण्याचं, दुसरं शिजण्याचं आणि तिसरं भाजण्याचं. बाहेरून बघताना ती एकच वाटतात, पण तिघांचे नियम वेगळे आहेत. फुगणं म्हणजे बुडबुडे मोठे होणं. शिजणं म्हणजे मैद्यातल्या पिठूळ कणांनी पाणी पिऊन घट्ट होणं, आणि अंडं असेल तर तेही गोठणं. भाजणं म्हणजे वरच्या पापुद्र्याला रंग आणि वास येणं.

यातल्या फुगण्याला मुहूर्त असतो. तो एकदा टळला की परत येत नाही. शिजण्याला आणि भाजण्याला असा मुहूर्त नाही. ती कामं मध्येच थांबली तरी पुन्हा सुरू करता येतात. आमच्या केकच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

बुडबुडे येतात कुठून?

बेकिंग पावडर घातली की बुडबुडे तयार होतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बुडबुडे तयार होतात त्याआधी, लोणी आणि साखर फेटताना. साखरेचे टोकदार कण लोण्यातून फिरतात तेव्हा हवेचे बारीक कण त्यात अडकतात. म्हणून फेटता फेटता लोणी पांढुरकं आणि हलकं होत जातं. आमच्या केकसारखा कंडेन्स्ड मिल्कचा असेल तर लोणी आणि ते दूध एकत्र फेटतात, काम तेच. बेकिंग पावडर आणि सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधी मिश्रणातल्या ओलाव्यात विरघळतो आणि मग याच बारीक बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. जत्रेतल्या फुगेवाल्याच्या पंपासारखं आहे हे. पंप फुगा फुगवतो, फुगा बनवत नाही. फेटायचा कंटाळा केला आणि पावडर वाढवली, तर थोडेच पण मोठे बुडबुडे मिळतात. तसले बुडबुडे चटकन वर येऊन फुटतात.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काही मिळालं, म्हणजे दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर, की वायू सुटतो. एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम सोडा पुरता खर्ची पडला तर जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. आठ इंची केकचं मिश्रणही साधारण एवढंच भरतं. एवढ्याशा पांढऱ्या पुडीत केवढी ताकद आहे, ते यावरून कळावं. पण तो पुरता खर्ची पडायला आंबटपणाही पुरेसा हवा. कपभर नेहमीच्या दह्यातलं आम्ल साधारण अर्ध्या चमच्याहून कमी सोड्याला पुरतं.

बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतात, आणि ओल लागून ती आधीच भिडू नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने 1843 मध्ये अशी पावडर बनवली. त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी दोन्ही सोसत नव्हती, आणि तिला पाव खाता यावा ही त्याची धडपड होती. आज घरोघरी होणाऱ्या बिनअंड्याच्या केकची मुळं अशी एका नवऱ्याच्या काळजीत आहेत, हे मला फार लोभस वाटतं. हल्लीच्या बऱ्याच पावडरींत दोन प्रकारची आम्लं असतात. एक ओलं होताच काम सुरू करतं, दुसरं उष्णता मिळाल्यावर. म्हणून मिश्रण डब्यात ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे गेली तरी सगळं संपत नाही. सोडा आणि दह्याच्या केकला मात्र ही सवलत नाही. तो मिसळला की ताबडतोब ओव्हनमध्ये जायला हवा.

फुगवणारे आणखी दोघं आहेत. एक हवा: तापली की ती पसरते. खोलीच्या 30 अंशांवरून 100 अंशांवर गेलेली हवा जेमतेम पावपटीने वाढते. दुसरी वाफ, आणि ती खरी पहिलवान. तव्यावरून विस्तवावर टाकलेला फुलका टम्म फुगतो तो निव्वळ वाफेवर, त्यात ना सोडा असतो ना पावडर.

स्लॅब आणि टेकू

आता केक का बसतो ते बघू. घराचा स्लॅब टाकताना खाली लाकडी किंवा लोखंडी टेकू लावतात. गवंडी त्याला सेंटरिंग म्हणतात. ओलं काँक्रीट स्वतःला पेलू शकत नाही, ते टेकूंवर विसावलेलं असतं. काँक्रीट आपल्या पायावर उभं राहिलं की मगच टेकू काढतात. घाई केली तर स्लॅब मधोमध खाली येतो.

केकमध्ये टेकूचं काम वायू आणि वाफ करतात. काँक्रीट म्हणजे मैद्यातला स्टार्च आणि प्रथिनं. स्टार्चचे कण नुसत्या पाण्यात 60 ते 70 अंशांच्या आसपास फुगून घट्ट होऊ लागतात. लापशी किंवा पेज दाटते ती याच वेळी. केकमध्ये साखर असल्यामुळे हेच व्हायला 80 ते 90 अंश लागतात. आमच्याकडे वीज गेली तेव्हा कडा त्या पलीकडे पोचल्या होत्या, मधला भाग मात्र अजून अलीकडे होता. म्हणजे कडेचं काँक्रीट धरलेलं, मधलं ओलं.

आणि मग टेकू निघाले. किती वेगाने, याचा हिशेब थक्क करणारा आहे. बुडबुड्यात नुसती कोरडी हवा असती, तर 80 वरून 60 अंशांवर येताना ती फक्त सहा टक्क्यांच्या आसपास आकसली असती. पण 80 अंशांवरच्या ओल्या बुडबुड्यात जवळपास निम्मी वाफ असते. तापमान उतरलं की ती वाफ पुन्हा पाणी होते आणि तिची जागा मोकळी पडते. त्यामुळे तेवढ्याच वीस अंशांच्या उतारात बुडबुडा सुमारे एक तृतीयांशाने लहान होतो. ओव्हनचं दार उघडलं की आत येणारा गार झोत नेमका हाच घात करतो. म्हणून केक होत असताना पहिली पंचवीस-तीस मिनिटं दार उघडायचं नाही, हा नियम मी सगळ्या नियमांच्या वर ठेवते. कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून केक करणाऱ्यांनी झाकणाबाबत हेच पाळावं.

मग नीट झालेला केक बाहेर काढल्यावर का बसत नाही? तोही गार होतोच की. कारण तोवर आतल्या बुडबुड्यांच्या भिंती घट्ट होऊन ठिकठिकाणी फुटलेल्या असतात. बुडबुडे एकमेकांत उघडतात. कच्चं मिश्रण हा फेस असतो आणि झालेला केक हा स्पंज. फेसातला प्रत्येक बुडबुडा बंद खोली असते. ती गार झाली की भिंती आत ओढल्या जातात. स्पंज म्हणजे चाळीची उघडी दारं. वाफ गेली की बाहेरची हवा आत येते, भिंती जागच्या जागी राहतात. ढोकळा, इडली किंवा अनारसा बघून आपण “छान जाळी पडली” म्हणतो, तेव्हा याच उघड्या दारांचं कौतुक करत असतो.

मधलाच भाग बसतो याचं कारण साधं आहे. उष्णता डब्याच्या कडेकडून आत सरकते आणि मिश्रण तिला फार हळू पुढे जाऊ देतं. मध्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. मधोमध नळी असलेले केकचे डबे मिळतात ते यासाठीच, तिथूनही उष्णता आत जावी म्हणून. त्याच मिश्रणाचे छोटे कपकेक केले तर ते बसण्याची भीती फार कमी.

साखर आड येते

वीज न जाताही केक बसतो, आणि त्याचं एक कारण मुलांच्या लाडापायी मूठभर जास्त घातलेली साखर हे असतं. साखरेने काय होतं, ते आपल्या स्वयंपाकघराला फार आधीपासून ठाऊक आहे. तांदूळ पुरता शिजण्याआधी खिरीत साखर घातली तर दाणा पुढे कितीही उकळला तरी मऊ होत नाही. शिऱ्यात रवा पाणी पिऊन फुलल्यावरच साखर पडते. पुरणाची डाळ गळल्याशिवाय कोणी गूळ घालत नाही. साखर पाणी धरून बसते आणि स्टार्चला ते सहजी घेऊ देत नाही. शिऱ्यात आपण क्रम बदलून यावर मात करतो. केकमध्ये सगळं एकदमच पडतं, त्यामुळे स्टार्चला ते पाणी जास्त तापमानावरच मिळतं. साखर वाढली की काँक्रीट धरायला आणखी उशीर होतो, पण बुडबुडे कोणासाठी थांबत नाहीत.

अंड्याच्या केकमध्ये स्टार्चच्या जोडीला अंड्यातली प्रथिनंही गोठतात, त्यामुळे भिंतींना सळईचा आधार मिळतो. बिनअंड्याचा केक जवळजवळ एकट्या स्टार्चवर उभा असतो. तो जास्त नाजूक असतो हे मान्य करून त्याच्याकडून थोडी कमी उंची अपेक्षावी, असं माझं मत आहे.

दुधासारखं उतू जाणं

पावडर किंवा सोडा जास्त झाला तरी केक बसतो, पण वेगळ्या तऱ्हेने. दूध उतू जातं तेव्हा फेस झपाट्याने वर चढतो आणि गॅस बंद करताच खाली येतो. केकचंही तसंच होतं. वायू एवढा आणि इतक्या लवकर सुटतो की बुडबुडे फुगून, एकमेकांत मिसळून, शिजण्याआधीच फुटतात. असा केक आधी खूप सुंदर दिसतो, म्हणून मन जास्त हिरमुसतं.

उंचावरच्या गावी हे नेहमीच्या मापातही घडू शकतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा अंदाजे 15 टक्क्यांनी कमी असतो आणि पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. वरून दाबणारी हवा विरळ, त्यामुळे तोच बुडबुडा जास्त फुगतो. तिथे पावडर थोडी कमीच घालावी.

चव तयार होते ती वेगळीकडे

इथवर सगळी हकिगत फुगण्याची झाली. चवीचा त्याच्याशी संबंध किती? फार थोडा.

मैदा, साखर, लोणी, दूध, व्हॅनिला यांची स्वतःची चव बुडबुडे फुटल्याने कुठे जात नाही. आणि ओव्हनने दिलेली चव येते ती पापुद्र्यातून. बेसनाच्या लाडवांसाठी पीठ भाजताना एक क्षण असा येतो की कच्चा वास जातो आणि घरभर दरवळ सुटतो. रवा भाजताना, कांदा परतताना, पोळीवर बदामी डाग पडताना, साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खवा भाजताना जे होतं, तेच केकच्या कडेला होतं. मराठीत त्या चवीला नेमका शब्द आहे: खरपूस. प्रथिनांतले घटक आणि काही साखरी उष्णतेत एकमेकांना भिडतात आणि त्यातून शेकडो नवी, वासाची आणि रंगाची द्रव्यं तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने 1912 मध्ये या प्रक्रियेचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात.

ती झपाट्याने व्हायला साधारण 140 अंशांवरची उष्णता लागते. जिथे पाणी आहे तिथे तापमान 100 च्या पुढे जात नाही, म्हणून केकचा आतला भाग पांढुरका राहतो आणि वाफवलेल्या ढोकळ्याला कधीच खरपूस कड येत नाही. पापुद्र्यातलं पाणी उडून गेलं की तिथे तापमान चढतं आणि भाजणं सुरू होतं. आमच्या केकमध्ये वीज गेल्यावर हे काम थांबलं, वीज आल्यावर पुन्हा सुरू झालं. कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर एकवटलेली असतात, म्हणजे या प्रक्रियेचा कच्चा माल भरपूर. केक दोनदा तापला त्यामुळे त्याच्या कडा नेहमीपेक्षा गडद झाल्या आणि त्यांना खव्याचा वास आला. मी तर म्हणेन, त्या अर्ध्या तासाच्या दुसऱ्या फेऱ्याने कडेची चव सुधारलीच.

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. नाक चिमटीत धरून केकचा घास चावून बघा: गोड कळेल, व्हॅनिला कळणार नाही. चिमूट सोडली की घशामागून वास नाकात चढतो आणि केक एकदम केक लागतो. या वासाच्या द्रव्यांना केक किती इंच उंच झाला याची फिकीर नसते.

मधला भाग जास्त गोड का?

भाचीने खड्ड्याखालचा तुकडा मागितला तो उगीच नाही. चांगल्या फुगलेल्या केकचा निम्म्याच्या आसपास भाग हवाच असते. बसलेल्या भागातली हवा निघून गेली, पण साखर आणि लोणी तेवढंच राहिलं. तेवढ्याच आकाराच्या घासात जास्त ऐवज आला. शिवाय तो भाग ओलसर होता. जिभेला साखर कळते ती विरघळलेली. कोरड्या केकमध्ये आधी लाळेने ती भिजवावी लागते, ओल्या घासात ती आयती तयार असते. आईला शिरा आठवला तो याचमुळे. रवा असो वा मैदा, दाट शिजलेला स्टार्च, तूप किंवा लोणी आणि साखर हा त्या दोन्हींचा समान पाया आहे.

जगातले काही नावाजलेले पदार्थ तर मुद्दाम असे बसके केलेले आहेत. ब्राउनीत मैदा कमी, पावडर नसते किंवा अगदी थोडी, आणि ती चिकटसर असावी हीच अपेक्षा. गोव्याच्या बेबिंकात पावडर नसतेच. मैदा, अंड्याचे बलक, नारळाचा रस, साखर आणि तूप यांचा एकेक पातळ थर ओतायचा, तो वरच्या आचेवर तांबूस होऊ द्यायचा आणि मगच पुढचा. जुन्या पद्धतीत झाकणावर नारळाच्या सोडणांची धग ठेवतात. इथे थराथराला पापुद्रा आहे, म्हणजे थराथराला खरपूसपणा. कोकणातलं काकडीचं धोंडस त्याच जातीचं. तांदळाचा रवा, गूळ आणि किसलेली काकडी, भांड्याच्या खाली-वर निखारे. फुगण्याचा तिथे प्रश्नच नाही. कोणी धोंडसाला “बसलं” म्हणत नाही, आणि तळाच्या खरवडीसाठी मुलं भांडतात.

चौकट: खड्डा बघून कारण ओळखा

मध्ये खड्डा, खाली ओलसर थर: मधला भाग शिजण्याआधी उष्णता कमी झाली. दार उघडलं, वीज गेली किंवा केक लवकर काढला.
आधी खूप फुगून मग खचला, जाळी मोठी आणि भगदाडांची: पावडर किंवा सोडा जास्त.
मुळात फुगलाच नाही: पावडर जुनी, किंवा मिश्रण फार वेळ तसंच राहिलं. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली आहे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसाने.
वर घुमट आणि तडे: ओव्हन जास्त गरम. कडा आधी धरल्या आणि मधलं मिश्रण वर फुटलं. चवीला हा केक सहसा चांगलाच असतो.
चिवट, लांब बोगद्यांसारखी भोकं: मैदा घातल्यावर फार ढवळलं.

जिथे चवही हातची जाते

प्रत्येक बिघडलेला केक चांगला लागतो असं नाही, आणि इथे सावध राहायला हवं. सोडा आंबटाच्या मानाने जास्त झाला तर उरलेला सोडा उष्णतेत सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा. त्याची साबणासारखी चव जिभेवरून हटत नाही. ढोकळ्यात कधी कधी लाल ठिपके दिसतात ते याच गोष्टीची खूण असतात. सोडा नीट मिसळला गेला नाही की त्या जागी हळद लाल होते. केकमध्ये हळद नसल्याने ही खूण मिळत नाही, पण रंग नेहमीपेक्षा गडद, पिवळट-तपकिरी दिसतो, कारण सोड्याने मायार प्रक्रियाही वेगाने होते.

दुसरं, बसका आणि कच्चा यांत फरक आहे. मध्ये घातलेली सुरी पिठाळ निघाली तर तो केक चमच्याने खाऊ नये, त्यात अंडं नसलं तरीही. कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात. तो पुन्हा ओव्हनमध्ये जाऊ द्यावा, वरून रंग येत असेल तर झाकून. उंची परत येणार नाही. बुडबुडे एकमेकांत मिसळून निघून गेलेले असतात, पावडरची ताकद बरीचशी संपलेली असते. पण शिजण्याची वेळ अजून गेलेली नसते.

तिसरा प्रसंग करपण्याचा. खरपूस आणि करपट यांच्यात फार थोड्या मिनिटांचं अंतर असतं. एकदा ते ओलांडलं की कडवटपणा सगळ्या घासात पसरतो. बसलेला केक वाचतो, करपलेला क्वचितच वाचतो.

उरलेल्या कडा

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने तोच केक पुन्हा केला. या वेळी वीज होती. तो छान फुगला, मध्ये एकसारखी जाळी पडली, वर क्रीम लावलं. भाचीने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, “आत्या, कालच्यासारखा मधला भाग यात कुठे आहे?”

त्या दुसऱ्या केकच्या कडा उरल्या. बेकरीत केक रस्क मिळतात ते असेच बनतात, केकचे तुकडे पुन्हा भाजून. वहिनीने कडांचे बोटभर जाडीचे काप केले, 150 अंशांवर वीस मिनिटं ठेवले, उलटले आणि आणखी दहा मिनिटं ठेवले. उरलंसुरलं पाणी गेलं, आता प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रा होता आणि घरात पुन्हा खव्याचा वास सुटला. गार झाल्यावर ते पत्र्याच्या डब्यात गेले. आई सकाळच्या चहात एकेक बुडवून खात होती, शनिवारपर्यंत पुरले.